विश्लेषण : स्वसंरक्षणासाठी पर्समध्ये छोटा चाकू ठेवता येतो का? पाते किती इंचांचे चालते?

महिलेवरील हल्ल्याची एखादी मोठी बातमी आली की बहुतेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘पर्समध्ये काहीतरी ठेवत जा.’ सेकंड शिफ्ट संपवून कॅबने घरी येणारी मुलगी असो, शेवटची लोकल पकडणारी नर्स असो किंवा पहाटे मार्केट यार्डात जाणारा व्यापारी असो, ‘काहीतरी’ म्हणजे अनेकदा छोटा फोल्डिंग चाकू. ऑनलाइन तो काही शे रुपयांत मिळतो, की-चेनलाही लावता येतो. पण तो सोबत ठेवणे कायदेशीर आहे का? पाते किती लांब असलेले चालते? आणि प्रत्यक्ष वेळ आली तर तो उपयोगी पडतो का?

थोडक्यात उत्तर असे : केंद्राच्या शस्त्र कायद्यात छोट्या चाकूला परवाना लागत नाही. मात्र महाराष्ट्रात पोलिसांचा मनाई आदेश लागू असेल, तर अडीच इंचांचा चाकूही अडचणीत आणू शकतो. आणि स्वसंरक्षणाचे साधन म्हणून त्याच्या मर्यादा बऱ्याच आहेत.

मुंबईत चाकूवाटप झाले होते...

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेने देश हादरला. त्यानंतर जानेवारी २०१३ मध्ये शिवसेनेने मुंबईत महिलांना स्वसंरक्षणासाठी छोटे चाकू वाटले होते. त्यांचे पाते साधारण तीन इंचांचे होते. या उपक्रमाची देशभर चर्चा झाली आणि त्यावर टीकाही झाली. महिलांनी चाकू बाळगावा की नाही, यावर तेव्हा बरेच बोलले गेले. कायदा नेमका काय आहे, हा भाग मात्र मागेच राहिला. ‘सहा इंचांपर्यंत चालतो’ असे छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. शस्त्र कायदा आणि त्याखालील नियमांत सहा इंच हा आकडा नाही.

शस्त्र कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. हल्ला किंवा बचाव यासाठी शस्त्र म्हणून तयार केलेली किंवा तशी बदललेली वस्तू म्हणजे शस्त्र. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणून घरातली विळी, भाजी चिरायची सुरी किंवा शेतातला विळा ठेवायला परवाना लागत नाही.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये धारदार शस्त्रांचा वेगळा वर्ग आहे. त्यात तलवार, खंजीर, भाला यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा (सुमारे २२.९ सेंमी) लांब किंवा २ इंचांपेक्षा (सुमारे ५.१ सेंमी) रुंद पात्याचे सुरे येतात. पर्समध्ये मावणारा चाकू या मापाच्या खूपच खाली राहतो.

मात्र कायद्याचे कलम ४ केंद्र सरकारला आणखी एक अधिकार देते. ठरावीक भागात ठरावीक प्रकारच्या शस्त्रांसाठी अधिसूचना काढून परवाना सक्तीचा करता येतो. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंवर असे निर्बंध आणले. त्यासाठी पात्याचे माप ठेवले ७.६२ सेंमी लांबी आणि १.७२ सेंमी रुंदी. म्हणजे जेमतेम तीन इंच. हिंदी सिनेमातला खटक्याचा रामपुरी डोळ्यांसमोर आणला, की अशा चाकूंवर वेगळी नजर का, हे लक्षात येते. मुंबईहून दिल्लीला जाताना सोबत नेलेला चाकू तिथे वेगळ्या नियमात बसू शकतो, हे त्यामुळे ध्यानात ठेवावे लागते.

मग महाराष्ट्रात अडचण कुठे येते?

अडचण येते ती महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ मुळे. या कलमाच्या पोटकलम (१) नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. सण, निवडणूक, मोर्चा, परीक्षा, दोन गटांतील तणाव अशा कारणांनी हे आदेश निघतात. बहुतेक वेळा ते पंधरवड्यापुरते असतात, पण मोठ्या शहरांत एकामागून एक निघत राहतात. त्यांच्या बातम्या सहसा ‘शहरात जमावबंदी, शस्त्रबंदी लागू’ अशा मथळ्याखाली येतात आणि लोक त्या वाचून विसरून जातात.

या कलमातील यादीत तलवारी, भाले, बंदुका आहेत, तशाच साध्या काठ्या आणि चाकूही आहेत. शिवाय शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी अन्य कोणतीही वस्तू, असेही शब्द आहेत. पात्याच्या लांबीची अट इथे नाही. नऊ इंच आणि दोन इंच ही मापे शस्त्र नियमांतली आहेत, त्यांचा आधार इथे मिळत नाही. ‘स्वसंरक्षणासाठी ठेवला होता’ एवढ्या सांगण्याने या मनाईतून सूटही मिळत नाही.

आदेश मोडल्यास कलम १३५ लागते. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. न्यायालयाने लेखी कारणे दिली नाहीत, तर कैद चार महिन्यांपेक्षा कमी करता येत नाही. धारदार शस्त्रासह पकडलेल्यांच्या पोलीस प्रसिद्धिपत्रकात ‘भारतीय हत्यार कायदा कलम ४ (२५) सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७ (१) सह १३५’ असा उल्लेख वारंवार दिसतो, तो याच तरतुदींचा.

आदेश लागू आहे का, हे पोलीस आयुक्तालयाच्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि समाजमाध्यमांवरील अधिकृत खात्यांवर पाहता येते.

ऑनलाइन मिळतो, म्हणजे चालतो?

असा अर्थ काढता येत नाही. २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू जप्त केले होते. पुण्यात कोयता गँगच्या घटनांनंतर २०२३ मध्ये कोयता विकताना ग्राहकाचे आधारकार्ड घेण्याच्या सूचना विक्रेत्यांना दिल्या गेल्या. कोयता हे मुळात शेतीचे अवजार. पण तो शेतात कमरेला असणे आणि रात्री दुचाकीवर शर्टाखाली असणे, यांकडे पोलीस एकाच नजरेने पाहत नाहीत.

खरेदी करताना वर्णनही वाचावे. ‘टॅक्टिकल’, ‘कॉम्बॅट’, ‘सेल्फ डिफेन्स’ असे शब्द जाहिरातीत आकर्षक वाटतात. पण घरगुती वस्तूला मिळणारी सवलत ती वस्तू कशासाठी बनवली आहे यावर ठरते. फळे कापायच्या सुरीबद्दल जे म्हणता येते, ते अशा चाकूबद्दल म्हणणे अवघड जाते.

प्रत्यक्ष हल्ल्यात चाकू किती कामाचा?

१९८३ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस टुलर यांनी एक साधे गणित मांडले. चाकू घेऊन धावणारा माणूस २१ फूट, म्हणजे सुमारे साडेसहा मीटर अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो. प्रशिक्षित पोलिसाला कमरेचे पिस्तूल काढून गोळी झाडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो.

आता पर्समधल्या चाकूचा विचार करू. चेन उघडायची, चार्जर, डबा, किल्ल्या यांतून चाकू शोधायचा, तो सरळ धरायचा, नखाने पाते ओढायचे आणि ते पूर्ण उघडले याची खात्री करायची. घाबरलेल्या अवस्थेत हृदयाचे ठोके वाढतात, हात थरथरतात. बोटांनी करायची बारीक कामे नेमकी तेव्हाच जमत नाहीत. शिवाय रस्त्यावरचा हल्लेखोर सहसा २१ फुटांवरून येत नाही. तो शेजारी उभा असतो किंवा मागून येतो.

दुसरा धोका स्वतःलाच आहे. अनेक छोट्या फोल्डिंग चाकूंमध्ये पाते पक्के अडकवणारे लॉक नसते. टोकावर जोर आला, की पाते मिटून स्वतःच्याच बोटांवर येते. की-चेनच्या चाकूची मूठ इतकी छोटी असते, की घामेजलेला हात घसरून धारेवर जातो. झटापटीत समोरच्याने तो हिसकावला, तर आधी नसलेले शस्त्र त्याच्या हाती येते.

आणि चाकू चालवायचा तर समोरच्याच्या हाताच्या अंतरात राहावे लागते. तिथून बाहेर पडणे हेच तर बचावाचे पहिले काम असते.

वार केला, तर कायदा बाजूने उभा राहतो का?

राहतो, पण अटींसह. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या बचावाचा हक्क दिला आहे. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा प्रसंगांची रास्त भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंतही हा हक्क पोहोचतो (कलम ३८). प्रत्यक्ष वार होईपर्यंत थांबण्याची गरज नाही, रास्त भीती पुरेशी असते. २०१० मधील दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की जीव धोक्यात असलेल्या माणसाने बचाव तोलूनमापून करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

पण बचावासाठी आवश्यक त्याहून जास्त इजा करण्याची मुभा कायदा देत नाही (कलम ३७). शिवी दिली, धक्का मारला म्हणून चाकू चालवणे यात बसत नाही. हल्लेखोर पाठ फिरवून पळत असताना, धोका संपल्यावर केलेला वार बचाव म्हणून मांडणेही कठीण होते. शिवाय आपण बचावच करत होतो, हे दाखवण्याची जबाबदारी साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ नुसार आरोपीवर असते. फिर्यादी पक्षाइतका कडक पुरावा त्याच्याकडून अपेक्षित नसतो, पण तोवर पोलीस ठाणे आणि न्यायालयाच्या फेऱ्या चुकत नाहीत.

चाकूने साधी दुखापत झाली तरी कलम ११८ (१) नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंभीर दुखापतीला किमान एक वर्ष ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. तीन इंचांचे पातेही मान, पोट, मांडी अशा जागी जीवघेणे ठरू शकते. म्हणून ‘छोटाच तर चाकू होता’ हा युक्तिवाद फार दूर जात नाही.

कामासाठी चाकू लागतच असेल तर?

ट्रेकला दोर कापायला, शेतात, वायरिंगच्या किंवा पॅकिंगच्या कामात चाकू लागतोच. तेव्हा निवड अशी करता येते :

- पाते तीन इंचांच्या आत, एकाच बाजूला धार. बटण किंवा स्प्रिंगने झटकन उघडणारा प्रकार टाळावा.
- फोल्डिंग घेतल्यास पाते अडकवणारे लॉक असलेला घ्यावा. फिक्स्ड पात्याला घट्ट कव्हर हवे.
- खिशात किंवा कमरेला न लावता बॅगेत, कामाच्या इतर साहित्यासोबत ठेवावा. काम संपले की घरी काढून ठेवावा.
- मनाई आदेश असताना, तसेच मोर्चा, मिरवणूक, सभा, न्यायालय अशा ठिकाणी नेऊ नये.
- विमानात केबिन बॅगेत चाकू चालत नाही, तो चेक-इन सामानात द्यावा. मेट्रोच्या तपासणीतही तो अडवला जाऊ शकतो.

चाकू नाही, तर मग काय?

पेपर स्प्रे : दोन-तीन मीटर अंतरावरून वापरता येतो आणि विकत घ्यायला परवाना लागत नाही. एक्स्पायरी तारीख पाहावी, वाऱ्याची दिशा लक्षात घ्यावी आणि एकदा मोकळ्या जागेत वापरून पाहावा. विमानाच्या केबिनमध्ये तो नेता येत नाही. मात्र तो कुठेही वापरावा असेही नाही. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका वादात वापरलेल्या पेपर स्प्रेला धोकादायक शस्त्र मानले आणि जिवाला धोका नव्हता, हे लक्षात घेऊन गुन्हा रद्द करण्यास नकार दिला.

पर्सनल अलार्म : पिन ओढली की कर्कश सायरन वाजतो. तो हिसकावून घेतला तरी हल्लेखोराला त्याचा उपयोग नसतो. स्टेशन, सोसायटी, बस थांबा अशा ठिकाणी तो जास्त कामाचा.

फोन : ११२ हा आपत्कालीन क्रमांक राज्यभर चालतो. बहुतेक स्मार्टफोनमध्ये पॉवर बटण झटपट तीन ते पाच वेळा दाबले की आपत्कालीन कॉल लागतो. किती वेळा दाबायचे आणि लोकेशन कोणाला जाणार, हे सेटिंगमधील ‘इमर्जन्सी एसओएस’मध्ये ठरवून ठेवावे. साध्या कीपॅड फोनमध्ये ५ किंवा ९ हे बटण दाबून धरावे लागते. रेल्वे प्रवासात १३९, तर महिलांसाठी १८१ हे क्रमांकही आहेत.

बचावात इजा झालीच तर?

आधी सुरक्षित जागी जावे आणि लगेच ११२ वर स्वतः माहिती द्यावी. हातातली वस्तू धुणे, फेकणे किंवा लपवणे टाळावे. पळून जाणे आणि पुरावा लपवणे या दोन गोष्टींमुळे खरा बचावही संशयास्पद दिसू लागतो. स्वतःच्या जखमांची सरकारी रुग्णालयात नोंद करून घ्यावी, फाटलेले कपडे जपून ठेवावेत, आसपासचे सीसीटीव्ही आणि साक्षीदार पोलिसांच्या लक्षात आणून द्यावेत. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. जबाब देण्यापूर्वी वकिलाशी बोलण्याची मागणीही करता येते.