सोन्यावरचा मळ

संपादकांनी पाठवलं होतं खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या संकुलातली प्रोटॉन उपचारांची यंत्रणा पाहायला. तिथला सायक्लोट्रॉन दोनशे टनांहून जड. प्रोटॉनांना २३० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत ऊर्जा देतो. इवल्याशा कणासाठी एवढं धूड कशाला, असं विचारत गेलो आणि प्रोटॉनांना पळवू शकणाऱ्या लेझरपाशी पोचलो.

लेझरचा स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा, मग पुन्हा आवळायचा, ही युक्ती स्ट्रिकलंड आणि मुरू यांनी १९८५ साली मांडली. नोबेल मिळालं २०१८ मध्ये. मला भुरळ घातली ती पुढच्या गोष्टीनं.

अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत असा स्पंद पातळ पत्र्यांवर मारला गेला. तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला तीनावर वीस शून्यं इतके वॉट. २००० साली निष्कर्ष छापून आले: पत्र्याच्या मागच्या बाजूनं ५८ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे प्रोटॉन सुटले होते. काही पत्रे सोन्याचे होते. सोन्यात हायड्रोजन कुठला? प्रोटॉन आले होते मळातून! निर्वात कोठीतही पृष्ठभागाला पाण्याचं आणि तेलकट वाफांचं काही नॅनोमीटरचं पुट चिकटून राहतं. तापलेले इलेक्ट्रॉन पत्रा भेदून मागं निसटतात आणि तिथं दर मायक्रोमीटरला दहा लाख व्होल्टच्या घरातलं विद्युतक्षेत्र उभं राहतं. त्या ओढीत सर्वांत हलके प्रोटॉन आधी सुटतात. कुणी मुद्दाम न लावलेला हा थरच इंधन ठरतो, याचं मला अजून हसू येतं.

एक पीडा मात्र असते, ती म्हणजे वरातीच्या पुढे नाचत येणाऱ्या पोरांसारखा मुख्य स्पंदाआधी पोचणारा प्रकाश. शिखराच्या अब्जांश तीव्रतेचा असला तरी तो पत्रा आधीच उधळून टाकू शकतो. त्याला अडवायला काचेचे ‘प्लाझ्मा आरसे’ वापरतात: मंद प्रकाश काचेतून आरपार जाऊ द्यायचा, प्रखर येताच काचेच्या पृष्ठभागाचा प्लाझ्मा होऊन तो परावर्तित व्हायचा. मात्र जर्मनीत ड्रेस्डेनच्या ‘ड्राको’ लेझरवर संशोधकांनी याच आगाऊ प्रकाशाला कामाला लावलं. प्लास्टिकचा पापुद्रा त्यानं नेमका इतकाच फुगतो, की शिखर येताना तो पारदर्शक होतो. २०२४ मध्ये त्यांनी १५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा टप्पा गाठल्याचं जाहीर केलं.

हे वाचून खारघरचं धूड आता मोडीत निघणार, असं वाटेल. इतक्यात नाही. शरीरात सुमारे तीस सेंटिमीटर खोल पोचायला २२० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ऊर्जा हवी. शिवाय १५० हा आकडा झुंडीतल्या मोजक्या कणांचा. बहुतेकांची ऊर्जा त्याच्या कितीतरी खाली आणि विखुरलेली, तर डॉक्टरांना नेमक्या खोलीसाठी नेमकी ऊर्जा लागते. प्रत्येक फटक्यात पापुद्र्याच्या चिंध्या होतात, पुढच्या फटक्यासाठी नवा पापुद्रा केसाच्याही अंशाइतक्या अचूकतेनं जागेवर आणावा लागतो. स्फोटातली विद्युतचुंबकीय लाट शेजारची उपकरणंही बिघडवते. मळाचं पुट आणि आगाऊ प्रकाश जरा बदलला, की झोतही बदलतो, आणि मात्रा अशी हलून कसं चालेल?

ड्रेस्डेनच्याच गटानं २०२२ मध्ये उंदरांच्या कानांवरच्या गाठींना लेझरजन्य प्रोटॉनांची मोजून मापून मात्रा दिली होती. कान पातळ असतो. तिथं फार खोल शिरावं लागत नाही.