'हवाई अंतर' : एका शब्दप्रयोगाचा अर्थविचार

शहापूर व मुरबाड ही ठाणे जिल्ह्यातील दोन शेजारच्या तालुक्यांची मुख्य ठिकाणे होत. त्यांच्या अक्षांशांत सुमारे 12 कलांचा आणि रेखांशांत सुमारे 4 कलांचा फरक आहे. अक्षांशाची एक कला म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, अर्थात 1.852 किलोमीटर. वैमानिकांचे हे परिमाण येथे सोयीचे पडते. काटकोन त्रिकोण मांडला असता कर्ण साडेबारा सागरी मैल, म्हणजे सुमारे 23 किलोमीटर भरतो. इतक्या लहान अंतरात पृथ्वीची वक्रता हिशेबात धरण्याचे कारण नाही. ताशी 270 सागरी मैल जाणारे लहान प्रवासी विमान हे अंतर 3 मिनिटांत ओलांडील.

दोन्ही गावी विमानतळ नाही. तेव्हा हा हिशेब कागदावरचाच. विमानतळ असलेल्या कोल्हापूर व सोलापूर यांचे उदाहरण घेऊ. त्यांच्यामधील सरळ अंतर सुमारे 205 किलोमीटर, म्हणजे त्याच वेगाने 25 मिनिटांचे. परंतु विमानास उंची गाठावी लागते, उतरताना वेग आवरावा लागतो, धावपट्टीच्या दिशेस वळावे लागते. समोरचा वारा वेळ वाढवितो तो निराळाच. म्हणजे 'हवाई अंतर' हे खुद्द विमानाचेही खरे अंतर नव्हे!

आता शब्दाकडे वळू. अंतराचे आपले जुने शब्द कोणा तरी जिवाच्या श्रमाशी बांधलेले आहेत. 'कोस' हा संस्कृत 'क्रोश' यापासून आला. त्याच्या मुळाशी 'क्रुश्', म्हणजे ओरडणे, हा धातू आहे. हाक जिथवर पोचे तो क्रोश. 'हाकेच्या अंतरावर' असे आपण म्हणतो तेव्हा नकळत हीच व्युत्पत्ती पुन्हा उच्चारतो. 'योजन' शब्दात जनावरे जुंपण्याची कल्पना आहे, तर अरबीतून आलेल्या 'मजल' शब्दात मुक्कामाची. 'मैल' हा शब्ददेखील मुळात रोमन सैनिकाची हजार पावले होय. गमतीची गोष्ट अशी, की 'विमान' शब्दात 'मा', म्हणजे मोजणे, हा 'परिमाण' आणि 'प्रमाण' यांतील धातूच आहे. मात्र 'हवाई' या विशेषणास मराठीत 'हवाई किल्ले' यासारख्या प्रयोगांतून निराधारपणाची छटा चिकटली आहे, आणि प्रस्तुत संदर्भात ती अगदीच अस्थानी वाटत नाही.

कारण किलोमीटरला श्रम ठाऊक नाही. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याखालील महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा 1 किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटरच्या आत असावी असे ठरले. हे अंतर नकाशावरील सरळ रेषेने मोजावयाचे की मुलाच्या पायांनी? शहापूर तालुक्यातून भातसा आणि मुरबाड तालुक्यातून काळू वाहते. पावसाळ्यात त्यांना मिळणारे ओढेही भरून येतात. ओढ्यापलीकडच्या पाड्यावरील मुलाला, फरशी पाण्याखाली गेली म्हणजे, वळसा घालावा लागतो किंवा घरी बसावे लागते. रेषा मात्र ओढ्यावरून तशीच सरळ जाते. नियमाच्या भाषेत 'अंतर' या मोघम शब्दामागे 'बारमाही पायवाटेचे' एवढे विशेषण घातले, तर हा संदेह उरणार नाही.