वल्ह्याला वाट द्या

पणजीहून रायबंदरला जाऊन फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेट लागते. या बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली ते घोषित झाले. क्षेत्रफळ म्हणाल तर अवघे १७८ हेक्टर. पण भरतीचे पाणी आत घेणाऱ्या आणि ओहोटीला चिखल उघडा टाकणाऱ्या त्या खारफुटीच्या रानात निसर्गाचा जो व्यवहार अहोरात्र चालतो, तो पाहण्यास एक जन्म पुरणार नाही. असे हे रान पाहायचे कसे, हा आमच्या मते आजचा महत्त्वाचा प्रश्न आहे.

अलीकडे गोव्यात कयाक आणि कॅनू या वल्ह्याच्या नावांचा छंद वाढीस लागला आहे. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवालगतच्या इन्युइट लोकांची शिकारीची नाव. सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने हाकीत. कॅनूचे वल्हे एकपाती. नावे परकी असली तरी वस्तू आपल्याला परकी नाही. एका खोडातून कोरलेली होडी आणि तिला तोल देणारी उलांडी आपल्या किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या वापरली आहे. तेव्हा हे खूळ साहेबाचे, असे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही.

अशा नावेला वीतभर पाणी पुरते. जिथे दुसरे काही शिरत नाही त्या अरुंद ओहोळात ती शिरते, आणि आवाज करीत नाही. खंड्या फांदीवरून हलत नाही, बगळे चिखलात चरत राहतात, निवट्या मुळांवर चढून बसतात. यंत्राची बोट आली की हे सारे क्षणार्धात उधळते. पक्षी दाखवण्यासाठी पक्षीच पळवून लावण्याचा हा प्रकार होय. शिवाय वेगाने जाणाऱ्या बोटीमागे उठणारी लाट काठावर आदळते, मुळांभोवतीचा गाळ सुटतो, आणि ज्या मुळांनी काठ धरून ठेवायचा तीच उघडी पडतात. लोहखनिजाच्या बार्जांची वर्दळ मांडवीने अनेक दशके सोसली आहे. लाटांनी बांध खचला म्हणजे खारे पाणी खाजनात शिरून शेताचे काय होते, हे गोव्याच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको.

नदीवर यंत्र नकोच, असा हट्ट आम्ही धरीत नाही. २०१६ च्या कायद्याने मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवेचा कालवा हे राष्ट्रीय जलमार्ग ठरले. मुख्य पात्रातून फेरीबोटी चालल्याच पाहिजेत. बेटावरच्या माणसांचे संसार त्यांवर अवलंबून आहेत. आमचे मागणे मर्यादित आहे. अभयारण्याच्या आतले ओहोळ केवळ वल्ह्याच्या नावांसाठी राखून ठेवावेत. अभयारण्यात कोणास कसा प्रवेश द्यावा हे ठरविण्याचा अधिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दिलेलाच आहे. हवी आहे ती इच्छा.

मात्र वल्ह्याची नाव म्हणजे खेळणे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटली आणि बारा मुले व दोन शिक्षिका बुडाल्या. तलाव शहरातला, पाणी संथ; तरीही बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि तरंगणारी जाकिटे सर्वांच्या अंगावर नव्हती. आपल्या ओहोळांत तर भरती-ओहोटीचा ओढ आहे आणि कुंभारजुवेच्या कालव्यात मगरींचा वास आहे. म्हणून जाकिटाशिवाय कोणासही नावेत पाय ठेवू देऊ नये, वेळ भरतीच्या कोष्टकावरून ठरवावी, पावसाळ्यात नावा काठावर ओढून ठेवाव्यात, आणि एका वेळी आत जाणाऱ्या नावांची संख्या बांधून द्यावी. हे नियम कागदावर राहिले तर त्यांची किंमत कागदाइतकीच.

आणि हे काम कोणाच्या हाती द्यावे? चोडणच्या नावाड्याला कोणत्या वळणावर चिखल वर येतो, कोणत्या तिथीला पाणी चढते, हे पोथीशिवाय ठाऊक असते. त्याला पक्ष्यांची शास्त्रीय ओळख आणि प्रथमोपचाराचे शिक्षण दिले, परवाना दिला, तर त्याच्या मुलाला नोकरीसाठी परदेशाची वाट धरावी लागणार नाही. बाहेरच्या कंत्राटदारास मक्ता देऊन नावाड्याला त्याच्याच नदीत पगारी गडी करण्यात कसला विकास आहे?

आणखी एक गोष्ट. आज गोव्यातली कितीतरी मुले मांडवी पाहतात ती मोटारीच्या काचेतून, पुलावरून. ज्यांना पोहता येत नाही आणि वल्हे धरता येत नाही, ती मुले उद्या नदीसाठी भांडतील अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? प्रत्येक शाळेने वर्षातून एक दिवस मुलांना, आधी पोहणे शिकवून, खारफुटीत न्यावे. म्हादईचे पाणी आपले, अशी घोषणा देणे सोपे आहे. त्या पाण्याशी ओळख असेल तरच त्या घोषणेत जीव येईल.