अकाली मिटलेले सूर आणि चित्रपट

अल्पायुषी कलावंताच्या चरित्राचा चित्रपटसृष्टीला फार मोह असतो. ऐन बहरात मावळलेला गायक म्हटला की पटकथेला शेवट आयताच मिळतो आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी फारसे कष्ट पडत नाहीत. कुंदनलाल सैगल १९४७ साली वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गेले आणि १९५५ मध्ये ‘अमर सैगल’ पडद्यावर आला. ऑस्ट्रियाचा मोझार्ट १७९१ साली पस्तिसाव्या वर्षी निवर्तला. त्याच्यावरील ‘अमाडेअस’ हा १९८४ चा चित्रपट जगभर गाजला. पंजाबचा लोकगायक अमरसिंग चमकिला १९८८ साली सत्ताविसाव्या वर्षी गोळ्यांना बळी पडला आणि त्याची कथा २०२४ मध्ये घरोघरी पाहिली गेली. या सर्वांच्या मानाने मराठी चित्रपटाचे वर्तन कसे आहे, याचा विचार आपल्या अभिरुचीच्या दृष्टीनेही उपयुक्त ठरेल.

मराठीत संगीतकारांवर चित्रपट निघाले नाहीत असे नाही. ‘बालगंधर्व’ २०११ साली आला, ‘मी वसंतराव’ २०२२ साली आला. परंतु बालगंधर्वांना जवळजवळ ऐंशी वर्षांचे आयुष्य लाभले. लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षे कारकुनी करून वसंतराव देशपांड्यांनी उत्तरायुष्यात यश पाहिले. जे तरुणपणीच गेले, ते मात्र आपल्याकडे उपेक्षितच राहिले. मास्टर दीनानाथ मंगेशकर ‘मी वसंतराव’मध्ये भेटतात, पण दुसऱ्याच्या कथेतील एक पात्र म्हणून.

केशवराव भोसले यांचेच उदाहरण घ्यावे. १८९० साली कोल्हापुरात जन्मलेल्या या नटाने १९०८ साली, म्हणजे मिसरूड फुटण्याच्या वयात, ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी उभी केली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्वांच्या भामिनीसमोर केशवराव धैर्यधर म्हणून उभे राहिले. त्यानंतर तीन महिनेही लोटले नाहीत तोच, ऑक्टोबरात, एकतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. एवढे नाट्य ज्या आयुष्यात आहे त्याला पटकथाकार मिळू नये, हे आश्चर्यच होय. कोल्हापुरातील त्यांच्या नावाचे नाट्यगृहदेखील ८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत भस्मसात झाले. वास्तू पुन्हा उभारता येते. विस्मृतीत गेलेला माणूस उभा करणे अधिक कठीण असते.

दीनानाथ १९४२ साली गेले तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते आणि थोरली कन्या लता तेरा वर्षांचीही झाली नव्हती. त्यांच्यावर उद्या चित्रपट निघालाच, तर तो कर्ज, व्यसन आणि उघडे पडलेले कुटुंब यांभोवतीच फिरेल, अशी भीती वाटते. ‘बलवंत संगीत मंडळी’चा तो तेजस्वी गायक केवळ कीर्तिमान कन्यांचा दुर्दैवी पिता ठरेल. या प्रकारच्या चित्रपटाचा मूळ दोष हाच आहे: मृत्यू हा विषय होतो आणि संगीत त्याची प्रस्तावना. ‘अमाडेअस’मध्ये सालिएरी हा मोझार्टचा द्वेष्टा रंगविला आहे, त्याने मोझार्टला विष दिले, या जुन्या कंडीला इतिहासात आधार सापडत नाही. तरीही चित्रपट पाहिलेल्यांच्या मनात सालिएरी आज खलनायकच आहे.

याच्या उलट टोकाला दत्तात्रेय विष्णू पलुस्कर उभे आहेत. विष्णु दिगंबरांचे हे पुत्र. दहाव्या वर्षी पितृछत्र हरपले, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिक्षण झाले आणि १९५५ साली चौतिसाव्या वर्षी मेंदूज्वराने त्यांना नेले. ‘बैजू बावरा’ (१९५२) मध्ये अमीर खाँसाहेबांसमवेतच्या जुगलबंदीत बैजूचा विजयी आवाज त्यांचाच होता. पडद्यावर चेहरा मात्र भारत भूषण यांचा! पलुस्करांच्या आयुष्यात व्यसन नाही, कलह नाही. असे शिस्तीचे, रियाजाचे आयुष्य चित्रपटाला निरुपयोगी वाटते. वस्तुतः गायकाचे खरे नाट्य पहाटेच्या रियाजातच घडत असते; ते पाहण्याची दृष्टी दिग्दर्शकाजवळ हवी.

अशी दृष्टी अशक्य नाही, हे आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या अनुबोधपटाने दाखवून दिले आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले. त्या व्यथेने शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांच्या अकाली मृत्यूपासून सुरू झालेले चित्रण चौदा वर्षे चालले, परंतु ते अश्रूंपाशी थांबले नाही. घोगरे कोणासाठी गात होते, ती वस्ती कशी जगते, आणि त्यांच्यामागून कोण गात आहे, हे त्यात दिसते. नामांतरासाठी दीर्घ लढा पाहिलेल्या मराठवाड्याला या गाण्याचे मोल निराळे सांगावयास नको.

पडेगावाहून दौलताबादच्या रस्त्याला लागले की देवगिरीचा डोंगर नजरेत भरतो. तेराव्या शतकात तेथील यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. ग्रंथ उरला, त्या दरबारातील गळे मात्र कायमचे मिटले, कारण ध्वनी जतन करण्याचे साधनच नव्हते. पलुस्कर आणि दीनानाथ यांच्या बाबतीत ही सबब आपल्याला नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत, आणि त्या ऐकण्यास आज एक भ्रमणध्वनी पुरतो.

म्हणून चित्रपटांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आमच्या पडेगावसारख्या वाढत्या उपनगरातील शाळा-महाविद्यालयांनी वर्षातून एक तास काढून विद्यार्थ्यांना पलुस्करांचे एखादे भजन आणि दीनानाथांचे एखादे नाट्यपद ऐकवावे. उद्या त्यांच्या चरित्रांवर चित्रपट निघतील तेव्हा मूळ सूर कानांत असलेला प्रेक्षकच पडद्यावरील खरे-खोटे पारखू शकेल. कान तयार नसतील, तर पडदा जे दाखवील तोच इतिहास ठरेल.