चेर्नोबिलचे दूध

अणुभट्टीचा अपघात म्हटले की डोळ्यांसमोर स्फोट आणि आग येते. पण अशा ठिकाणाजवळ राहणाऱ्यांचा खरा आजार पुष्कळदा चार-पाच वर्षांनी वर येतो, आणि तो शरीरात शिरलेला असतो दुधाच्या पेल्यातून. म्हणून या वेळी आम्ही स्फोटाविषयी थोडे आणि दुधाविषयी जास्त लिहीत आहोत.

२६ एप्रिल १९८६ च्या पहाटे सोव्हिएत युक्रेनमधल्या चेर्नोबिल केंद्राची चौथी भट्टी फुटली. शेजारच्या प्रिप्यात शहरातली पन्नास हजारांच्या आसपास माणसे दुसऱ्या दिवशी दुपारी बसमध्ये बसवून हलवली गेली. सरकारने अपघाताची जाहीर कबुली दिली २८ तारखेच्या रात्री, तीही स्वीडनमध्ये किरणोत्सर्ग आढळल्यावर. १ मे रोजी कीव्ह शहरात कामगार दिनाची मिरवणूक नेहमीसारखी निघाली. त्यात मुलेही होती.

नेमके हेच दिवस मोलाचे होते. भट्टीतून उडालेल्या द्रव्यांत आयोडीन-१३१ होते. ते गवतावर बसले, गवत गाईने खाल्ले, आणि ते दुधात उतरले. आपल्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतेच. चांगले कोणते आणि किरणोत्सारी कोणते, हे तिला ओळखता येत नाही. मिळेल ते ती ओढून घेते. लहान मुलाची ग्रंथी इवलीशी आणि दूध पिणे जास्त, त्यामुळे त्याच पेल्याने मुलाच्या ग्रंथीला मोठ्यांपेक्षा कितीतरी पट मारा बसतो. त्यातून त्या भागातल्या मातीत आणि आहारात मुळातच आयोडीन कमी. भुकेली ग्रंथी आणखी अधाशीपणे ओढते.

आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. दोन-तीन महिन्यांत ते जवळजवळ संपते. म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे मुलांना ताजे दूध दिले नसते, तर मोठे संकट टळले असते. पोलंडने ते करून दाखवले. बातमी कळताच तिथे एक कोटीहून अधिक मुलांना साध्या आयोडीनचा डोस दिला गेला आणि ताज्या दुधावर निर्बंध आले. ग्रंथी आधीच भरलेली असली की विषारी आयोडीनला जागा उरत नाही, एवढी साधी ही युक्ती.

बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत १९९० च्या सुमारास मुलांच्या गळ्यात गाठी दिसू लागल्या. अपघाताच्या वेळी अठरा वर्षांखालील असलेल्यांमध्ये १९९१ ते २०१५ या काळात थायरॉइड कर्करोगाचे सुमारे एकोणीस हजार रुग्ण नोंदले गेले. त्यांतले सगळे किरणोत्सर्गाचे नव्हेत. वय वाढले आणि तपासणीही सुधारली. चेर्नोबिलचा वाटा साधारण चौथ्या हिश्श्याचा, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या वैज्ञानिक समितीचे म्हणणे आहे. हा कर्करोग बहुतेकदा बरा होतो. पण ग्रंथी काढलेल्याला जन्मभर रोज गोळी घ्यावी लागते, आणि गळ्यावर आडवा व्रण राहतो. त्या व्रणाला तिकडे ‘चेर्नोबिलचा हार’ म्हणतात.

दुसरे द्रव्य सीझियम-१३७. ते निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात, म्हणून जंगलातल्या अळंब्या आणि बोरांसारख्या फळांतून ते आजही थोडेथोडे पोटात जाते. साफसफाईला लावलेल्या कामगारांत रक्ताचा कर्करोग आणि मोतीबिंदू वाढल्याचे पुरावे आहेत. आजूबाजूच्या सामान्य जनतेत मात्र थायरॉइड सोडून इतर कर्करोगांची वाढ स्पष्टपणे सिद्ध झालेली नाही. कमी मात्रेचा परिणाम नेहमीच्या रुग्णसंख्येतून वेगळा काढणे अवघड असते. ‘काहीच झाले नाही’ आणि ‘सगळे त्यानेच झाले’ या दोन्ही गोष्टी आम्हाला सारख्याच खोट्या वाटतात.

आणि मन? २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मानसिक त्रास हाच या अपघाताचा सर्वांत मोठा सार्वजनिक आरोग्यप्रश्न ठरवला. घर सुटले, आणि नव्या गावी लोक या माणसांपासून दूर राहू लागले. जपानमध्ये हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांची लग्ने याच भीतीने मोडत होती. किरणोत्सर्ग झेललेल्या माणसाच्या शेजारी बसल्याने तो ‘लागत’ नाही. अंगावर बसलेली धूळ कपडे बदलून, अंघोळ करून निघते. पुढच्या पिढीचे म्हणाल तर, चेर्नोबिलच्या बाधित आईबापांच्या मुलांची जनुके २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासली गेली. त्यांत नेहमीपेक्षा जास्त नवे बदल आढळले नाहीत. स्पर्शाने माणूस बाटतो या समजुतीने काय होते, ते आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आयोडीनच्या गोळ्या घरात ठेवून मनाने घेऊ नका. त्या फक्त थायरॉइडला वाचवतात, सीझियमपुढे निरुपयोगी आहेत, आणि वेळेवर, म्हणजे बाधा होण्याच्या जरा आधी किंवा नंतर लगेच काही तासांत घेतल्या तरच उपयोगी पडतात. आयोडीनयुक्त मीठ ही त्यांची जागा घेत नाही, पण ग्रंथी उपाशी राहू नये म्हणून रोजच्या जेवणात ते असावे. गळ्यात गाठ लागली, तर ती दुखत नाही म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

पालघर जिल्ह्यात तारापूरचे अणुकेंद्र १९६९ पासून चालू आहे. त्या परिसरातल्या वाचकांनी पुढच्या ग्रामसभेत दोन प्रश्न विचारावेत: तशी वेळ आलीच तर गोळ्या कुठे मिळणार, आणि मुलांना दूध देऊ नका हे आपल्या पाड्यावर येऊन कोण सांगणार?