तोंडं सारखी, पोटं निराळी

दाढीचा ट्रिमर चार महिन्यांतच ‘गेला’, असं मी घरात जाहीर करून टाकलं होतं. त्याला सी टाइपचं सॉकेट, फोनच्या नव्या चार्जरची वायरही दोन्ही टोकांना सी टाइप. खटकन बसली, पण लाल दिवा लागेना. लॅपटॉपचा दणकट चार्जर लावून पाहिला, तरी ढिम्म. शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात नेला. तिथल्या पोराने काउंटरच्या पसाऱ्यातून जुन्या चौकोनी तोंडाचा अ‍ॅडॉप्टर आणि एक मळकी वायर ओढून काढली, लावली, आणि दिवा लागला. ‘‘काका, याला जुनंच डोकं लागतं,’’ एवढं सांगून तो पुढच्या गिऱ्हाइकाचा स्क्रीनगार्ड चिकटवायला लागला.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. का बरोबर होतं, हे शोधण्यात माझे दोन रविवार गेले.

‘‘बारीक पिन आहे का कुणाकडे?’’ हा प्रश्न ज्यांनी लग्नाच्या हॉलमध्ये किंवा रेल्वेच्या डब्यात विचारला आहे, त्यांना नोकियाचे दिवस आठवतील. जाडी पिन, बारीक पिन, चपटी पिन. युरोपात 2009च्या सुमारास मोबाइल चार्जरचे तीसहून जास्त प्रकार होते. वैताग होताच, पण त्यात एक प्रामाणिकपणा होता. जे चालणार नाही, ते बसतच नसे.

मग ऑगस्ट 2014मध्ये यूएसबी टाइप-सीचं मानक जाहीर झालं. उलटं-सुलटं कसंही बसणारं, फोनपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्यांना पुरणारं एकच तोंड. अ‍ॅपलने 2023मध्ये आयफोन 15ला ते दिलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सीचं भारतीय मानक प्रसिद्ध केलं. युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024पासून नव्या फोन-टॅब्लेटना ते सक्तीचं केलं आणि लॅपटॉपसाठी 28 एप्रिल 2026 ही तारीख ठरवली. पिनांचा गोंधळ संपला म्हणायचा. माझ्या मते तो संपला नाही, आत शिरला. पूर्वी डोळ्यांना दिसायचा, आता दिसत नाही, एवढाच फरक.

जुन्या चौकोनी यूएसबीत चार पट्ट्या असत: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. त्याचं सॉकेट म्हणजे उघडा नळच. समोर कुणी असो-नसो, 5 व्होल्ट कायम हजर. टाइप-सीत 24 पट्ट्या आहेत आणि त्याचा चार्जर फार शिस्तीचा. पलीकडे खरंच वीज मागणारं यंत्र आहे, याची खात्री पटेपर्यंत तो काहीही देत नाही. ही खात्री पटवायला यंत्राच्या सॉकेटमधल्या ‘सीसी’ नावाच्या दोन पट्ट्यांना 5.1 किलोओहमचा एकेक रेझिस्टर जोडावा लागतो. ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान, किंमत पैशांत मोजावी अशी वस्तू. स्वस्त ट्रिमर, टॉर्च, हातपंखे बनवणारे नेमकी तीच गाळतात. मग शिस्तीच्या चार्जरला वाटतं, वायरच्या टोकाला कुणीच नाही. जुन्या डोक्याच्या चार्जरला असल्या चौकशा ठाऊकच नसल्याने तो वीज सोडून मोकळा होतो.

स्वस्त मालाला हसण्यात अर्थ नाही, कारण शहाणेही इथे फसले आहेत. जून 2019मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकाला सी टाइप सॉकेट होतं, पण दोन पट्ट्यांना दोन रेझिस्टर देण्याऐवजी दोन्ही जोडून एकच दिला होता. त्यामुळे साध्या वायरीने तो चालायचा आणि लॅपटॉपच्या महागड्या वायरीने चालत नव्हता! महाग वायरीत ओळख सांगणारी चिप असते. तिची खूण आणि हा सामायिक रेझिस्टर एकत्र वाचून चार्जरचा समज होई की, हा तर हेडफोनचा अ‍ॅडॉप्टर दिसतो, याला वीज कशाला? पुढच्या आवृत्तीत ही चूक सुधारली गेली.

वायरीतला रेझिस्टर चुकला तर प्रकरण जास्त वाईट. जुन्या चौकोनी तोंडाकडून सी टाइपकडे जाणाऱ्या वायरीत 56 किलोओहमचा रेझिस्टर हवा. त्याचा अर्थ, ‘मागचा चार्जर साधा आहे, जपून घे.’ तिथे 10 किलोओहमचा बसवला, तर फोनला निरोप जातो, ‘घे की 3 अँपिअर!’ मग मागचा बिचारा जुना अ‍ॅडॉप्टर तापतो. गूगलमधले अभियंता बेन्सन लुंग 2015पासून अशा वायरी स्वखुशीने विकत घेऊन तपासत होते. 2016मध्ये एका वायरीत जोडणीच उलटी निघाली आणि त्यांचा लॅपटॉप निकामी झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच अ‍ॅमेझॉनने मानकात न बसणाऱ्या अशा वायरींवर बंदी घातली.

आता वॉटचं बघू. यूएसबी 2.0च्या साध्या सॉकेटमधून 5 व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे 2.5 वॉट मिळत. आज तशाच बारीक वायरीतून 48 व्होल्ट आणि 5 अँपिअर, म्हणजे 240 वॉट नेता येतात. व्होल्टेज एवढं का वाढवलं? तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट दुप्पट केला, तर ताप चौपट. शेतांवरून जाणाऱ्या हाय टेन्शन लाइनमागे हेच गणित आहे. म्हणून चार्जर आणि यंत्र आधी आपापसात बोलून घेतात: माझ्याकडे 5, 9, 15, 20 व्होल्ट आहेत, तुला किती हवेत? 3 अँपिअरच्या वर जायचं, तर वायरीलाही ‘मला झेपेल’ असं तिच्या चिपमार्फत सांगावं लागतं. चिप नसली, तर सगळं 60 वॉटवर अडतं.

काही फोन कंपन्यांनी मात्र व्होल्टेज तसंच ठेवून करंट वाढवण्याची वेगळी वाट धरली. त्यांच्या चार्जरची बोलीही खास आणि वायरही खास. खोक्यावर भलेमोठे वॉट छापलेले असतात, पण दुसऱ्या घरची वायर लावली की दोघांनाही येतं तेवढंच, कासवगतीचं बोलणं उरतं.

माहितीची तऱ्हा तर आणखी न्यारी. आयफोन 15 प्रो सेकंदाला 10 गिगाबिट वेगाने माहिती देऊ शकतो, पण त्याच्याच खोक्यातली वायर 480 मेगाबिटची, म्हणजे 2000 सालच्या वेगाची. 100 जीबीचे व्हिडिओ काढायचे, तर कागदोपत्री एकीकडे दीड मिनिट आणि दुसरीकडे जवळपास अर्धा तास. तोंडाकडे पाहून हा फरक ओळखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. नावांनीही मदत केली नाही. 5 गिगाबिटचं एकच पोर, आधी यूएसबी 3.0, मग 3.1 जेन 1, मग 3.2 जेन 1. तीनदा बारसं, वेग तोच. अखेर 2022मध्ये मानक ठरवणाऱ्या संस्थेला सुबुद्धी झाली आणि खोक्यावर सरळ गिगाबिट आणि वॉटचे आकडे छापायचं ठरलं. प्रमाणित सी टाइप वायरीवर आता 60 किंवा 240 वॉटची खूण सापडते. बाजारात टोपल्यांत गुंडाळून ठेवलेल्या वायरींवर ती शोधायला जाऊ नका.

आमच्याकडे मी पांढरी चिकटपट्टी आणि पेन घेऊन बसलो. सात वायरींपैकी दोन लॅपटॉपच्या निघाल्या, एक माहिती नेतच नाही, बाकीच्या साध्या. दुकानातली ती मळकी वायर अ‍ॅडॉप्टरसकट 80 रुपयांना विकत घेतली होती. तिच्यावर लिहिलंय: ‘ट्रिमर. हलवू नये.’ काल ती मुलीच्या फोनला लावलेली सापडली.