पूर्वसंचित, प्रारब्ध आणि आजारी मूल

जन्मतःच व्याधी घेऊन आलेल्या बालकाचे निदान आपण त्याच्या आईवडिलांना समजावून सांगतो. गुणसूत्रे, वाहक, टक्केवारी हे सारे ते शांतपणे ऐकून घेतात आणि अखेरीस विचारतात, "पण डॉक्टर, हे आमच्याच वाट्याला का?" माळवा-निमाडातील कुटुंबे हाच प्रश्न हिंदीत विचारतात आणि पुष्कळदा त्याचे उत्तरही स्वतःच देऊन टाकतात, "पिछले जन्म का कोई पाप होगा." पंचवीसहून अधिक वर्षे इंदूरमध्ये बालरुग्णांवर उपचार करताना हे उद्गार मी असंख्य वेळा ऐकले आहेत. ज्या सिद्धान्ताच्या आधारे ते निघतात, तो सिद्धान्त मुळात काय सांगतो हे जाणून घ्यावे, असे मला वाटू लागले. मी संस्कृतचा पंडित नव्हे. परंतु सवडीने केलेल्या वाचनातून जे हाती लागले, ते आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

कल्पनेचा उगम

ऋग्वेदात पुनर्जन्माची स्पष्ट मांडणी आढळत नाही. ती उपनिषदांत दिसू लागते. बृहदारण्यकात जनकाच्या सभेत आर्तभाग याज्ञवल्क्यांना विचारतो की, मृत्यूनंतर मनुष्याची वाणी अग्नीत, प्राण वायूत आणि दृष्टी सूर्यात मिळून गेली, तर मग तो मनुष्य स्वतः कोठे उरतो? याज्ञवल्क्य भर सभेत उत्तर देत नाहीत. ते त्याचा हात धरून त्याला एकान्तात नेतात, आणि तेथे दोघे जे बोलतात ते कर्माविषयीच बोलतात, एवढेच उपनिषद सांगते. सत्कर्माने मनुष्य चांगला होतो आणि दुष्कर्माने वाईट, हा त्या संभाषणाचा निष्कर्ष.

पुढे दर्शनकारांनी या बीजाची पद्धतशीर शास्त्रव्यवस्था केली. योगसूत्रांनी कर्माशयाची फळे तीन मानली: जाति, आयु आणि भोग. वेदान्ताने कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे भाग पाडले. परंपरेत यासाठी बाणांचा दृष्टान्त देतात. भात्यातले बाण म्हणजे संचित, धनुष्यातून सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध, आणि हाती घेतलेला बाण म्हणजे क्रियमाण. सुटलेला बाण परत घेता येत नाही. हातातला कोठे सोडायचा किंवा सोडायचाच नाही, हे आपल्या स्वाधीन असते. ब्रह्मसूत्रांपुढे आणखी एक प्रश्न होता. जगात एक सुखी आणि एक दुःखी का? ईश्वर पक्षपाती आणि निर्दय आहे काय? विषमता प्राण्यांच्या कर्मानुसार असल्याने तो दोष ईश्वराकडे येत नाही, असे सूत्रकारांनी उत्तर दिले.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. या दोन शब्दांची जोडी लक्षात घेण्यासारखी आहे. कर्माची साखळी मान्य केली की मनुष्य पराधीन ठरतो, आणि मग नीतीचा उपदेशच व्यर्थ होतो. म्हणून आत्म्याला स्वतंत्र प्रवृत्ती आहे, हे सिद्ध केल्यावाचून टिळकांना पुढे जाता येत नव्हते.

नवजात बालकाची साक्ष

पुनर्जन्माच्या सिद्धीसाठी आपल्या प्राचीन तार्किकांनी ज्याला साक्षीदार म्हणून उभे केले, तो आमचाच रुग्ण आहे! न्यायसूत्रांत गौतमांनी असा युक्तिवाद केला आहे की, नुकतेच जन्मलेले मूल हर्ष, भय आणि शोक प्रकट करते व कोणी न शिकविता स्तनपानाची इच्छा धरते. पूर्वी कधीतरी अनुभव घेतल्यावाचून हे शक्य नाही. या जन्मीचा अनुभव तर नाही, म्हणून तो मागील जन्मीचा असला पाहिजे.

गौतमांनी प्रतिपक्षही प्रामाणिकपणे नोंदविला आहे. कमळ आपोआप उमलते आणि मिटते, लोखंड चुंबकाकडे आपोआप ओढले जाते. तसेच मुलाचे का नसावे? त्यावर ते म्हणतात की, कमळाचे उमलणे ऊन, थंडी, पाऊस यांमुळे घडते आणि लोखंडही चुंबकाकडेच जाते, वाटेल तिकडे जात नाही. अर्थात तेथेही नियत कारण असतेच.

आजचा बालरोगतज्ज्ञ या वादात साक्ष देऊ शकतो. गर्भातच अंगठा चोखणारे बाळ आपण सोनोग्राफीत पाहतो. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ सुमारे ३४ आठवड्यांनी जमू लागतो. त्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला बहुधा नळीने दूध द्यावे लागते. पूर्वजन्मीच्या स्मृतीने स्तनपान जमत असते, तर ते ३० आठवड्यांच्या बाळालाही जमायला हवे होते. तेव्हा ही क्षमता मज्जासंस्थेच्या परिपक्वतेतून येते, असे मानावे लागते. यावरून पुनर्जन्म असिद्ध ठरतो, असे मी म्हणत नाही. त्याच्या सिद्धीसाठी दिलेला एक पुरावा आता पुरेसा राहिलेला नाही, इतकेच. तरीही 'कारणावाचून कार्य नाही' हा गौतमांचा आग्रह आजही आपल्या शास्त्राचा पाया आहे.

चरकाने साधलेला तोल

आपणा वैद्यकीय मंडळींना सर्वांत जवळची वाटावी, अशी चर्चा चरकसंहितेत आहे. सूत्रस्थानात चार प्रमाणांच्या आधारे पुनर्जन्म मान्य केलेला आहे. शारीरस्थानात पूर्वकर्म हे काही रोगांचे कारण सांगितले आहे. पण जन्मजात विकृतींची कारणे देताना तेथे बीजाचा दोष, गर्भाशयाचा दोष, काळ, मातेचा आहारविहार आणि पूर्वकर्म अशी सारी यादी येते. कर्म हे अनेकांतील एक कारण आहे. गर्भाच्या बीजातील ज्या अंशात दोष असेल, त्यापासून होणाऱ्या अवयवातच विकृती येते, हे वाचताना आधुनिक वाचक क्षणभर थबकतो.

विमानस्थानात अग्निवेश आपल्या गुरूंना, आत्रेयांना विचारतो, आयुष्य नियत आहे की नाही? आत्रेय म्हणतात, पूर्वदेहातील कर्म ते दैव आणि या देहातील कर्म तो पुरुषकार. दुर्बळ दैवावर बलवान पुरुषकार मात करतो, आणि प्रबळ दैवापुढे पुरुषकार थकतो. ही दुसरी बाजू पाहूनच काही लोक आयुष्य ठरलेले मानतात. पण सर्वांचेच आयुष्य ठरलेले असते, तर औषधांची गरज कोणाला पडली असती? पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून कोण बाजूला झाला असता? गाडीचा आस नीट वापरल्यास त्याच्या काळाने झिजतो; पण फाजील ओझ्याने किंवा वाईट रस्त्याने मध्येच मोडतो. अकाली मृत्यू तसाच समजावा. ज्या ग्रंथाने पुनर्जन्म निःशंकपणे स्वीकारला, त्यानेच वैद्याला हात जोडून बसण्याची मुभा दिली नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

दोष कोणाचा?

या चर्चेला घरोघर वेगळेच वळण लागते. मध्ययुगात अमुक पापाने अमुक रोग, असे कोष्टक मांडणारे कर्मविपाकविषयक ग्रंथ रचले गेले आणि तीच समजूत आजवर चालत आली. माझ्या पाहण्यातील एका कुटुंबात पहिल्या मुलाला थॅलेसेमिया मेजर निघाला. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागे. आजीने सुनेचे 'पूर्वसंचित' काढले, सुनेने मान खाली घातली, आणि ती दुसऱ्या वेळी गर्भवती राहिली तेव्हा 'नशिबात असेल ते होईल' म्हणून तपासणीला घरातून विरोध झाला. मी पतिपत्नी दोघांचीही हिमोग्लोबिनची तपासणी करवून घेतली होती. ते दोन्ही अहवाल आजीसमोर शेजारी शेजारी ठेवले. दोघेही वाहक होते. अशा दांपत्याच्या प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि दोष मुलाकडे जायला आईइतकाच बापाचाही वाटा लागतो, हे आजींना सांगितले. त्यानंतर गर्भाची तपासणी झाली. मूल निरोगी आहे. पण पहिल्या मुलाच्या जन्मापासून ती तरुण आई जे ऐकत आली होती, ते कोणत्या अहवालाने पुसायचे?

शास्त्राच्या कसोटीवरही ती निर्दोष ठरते. केलेल्या कर्माचे फळ नष्ट होणे आणि न केलेल्याचे फळ पदरात पडणे, म्हणजे कृतनाश आणि अकृताभ्यागम, हे दोन दोष टाळण्यासाठीच दर्शनकारांनी कर्मसिद्धान्त इतका घट्ट बांधला. आईच्या पापासाठी मुलाला भोग भोगावा लागतो असे म्हणणे, म्हणजे तोच अकृताभ्यागम नव्हे काय? बापाच्या अधर्माचे फळ मुलानातवंडांपर्यंत पोहोचते, असे मनुस्मृतीत म्हटले आहे खरे. परंतु दर्शनांच्या तर्कात ते बसत नाही.

आजचे क्रियमाण

संचित आपल्याला दिसत नाही आणि प्रारब्ध बदलत नाही. उरते ते क्रियमाण. त्याचे क्षेत्र आज केवढे विस्तारले आहे! पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेले मूल एकदा झालेल्या मातांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यास तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. जन्मजात थायरॉइडची कमतरता पहिल्या काही दिवसांत ओळखून गोळी सुरू केली, तर मतिमंदत्व टळते. झाबुआ-अलिराजपूरकडील आदिवासी मुलांत आढळणाऱ्या सिकलसेलच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी आपल्याच प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. विवाहापूर्वी किंवा गर्भारपणाच्या आरंभी होणारी रक्ताची एक साधी तपासणी हा आपल्या काळातील बलवान पुरुषकार आहे.

पुनर्जन्म आहे की नाही, हे माझ्या शास्त्राला ठरविता येणार नाही. त्यावर श्रद्धा असणाऱ्या आईची श्रद्धा मी मोडीत नाही. कित्येकदा त्याच बळावर ती रात्रंदिवस मुलाची सेवा करते. मात्र स्वतःच्या आचरणाचा विचार करताना कर्मसिद्धान्त माणसाला जबाबदार बनवितो, आणि दुसऱ्याच्या दुःखाचे मोजमाप करण्यासाठी वापरला की कठोर बनवितो. म्हणून माझ्या समव्यवसायी बंधुभगिनींना एक विनंती आहे. 'आमच्याच वाट्याला का?' असे कोणी विचारले, तर घाईने पुढच्या रुग्णाला बोलावू नये. दोन मिनिटे थांबून, घरातील वडीलधाऱ्यांना आत बोलावून, त्यांच्यासमक्ष स्पष्ट सांगावे की, यात आईचा काहीही दोष नाही, आणि आता यापुढे आपण सर्वांनी मिळून काय करायचे ते हे असे आहे.